पत्र्यावरची नावं

"सर, एखादीची वेबसाइट पहिल्या नंबरवरून खाली कशी आणायची?"

प्रश्न विचारून झाला आणि तेजश्री माईक हातात धरून तशीच उभी राहिली. बारामतीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये वेबसाइटच्या शिबिराला सात शाळांची मुलं बसली होती. आणि मग जो हशा पिकला म्हणता! मागच्या रांगेत सुकन्याने तोंडात रुमालच कोंबला, कारण पैज तिची होती. "हा प्रश्न माईकवर विचारून दाखव, मिसळ माझ्याकडून. नाही विचारलास, तर दहावी होईपर्यंत तुला भित्री भागूबाई म्हणणार!"

आता तेजश्री भित्री होती, पण ती गेल्या वर्षीपर्यंत. आठवीत तिला हजेरीला 'हजर' म्हणतानाही घाम फुटायचा. नववीत एकदा मॅडमनी तिला जबरदस्तीने परिपाठाला उभं केलं, ती पाच मिनिटं न अडखळता बोलली, टाळ्या पडल्या, आणि त्या दिवसापासून बाईसाहेब ज्या सुटल्या त्या सुटल्याच! भाषण असो, सूत्रसंचालन असो, शाळेची वेबसाइट सांभाळणं असो, सगळीकडे हात वर. संगणकाच्या मॅडमनी तर वेबसाइटचा पासवर्ड एका कागदावर लिहून तिच्या हातात दिला होता. "तुझ्यावर सोपवतेय," म्हणाल्या होत्या. तो कागद तिने कंपासपेटीत जपून ठेवला होता.

'एखादी' म्हणजे कोण, हे तिच्या शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ती एखादी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होती, कान लाल झालेले. राजनंदिनी. तेजश्रीच्याच शाळेतली, वरकुट्याची. बोलायचं म्हटलं की जमिनीकडे बघणारी. पण तिच्या आईची डाळिंबाच्या रोपांची नर्सरी होती आणि तेजश्रीच्या घरचीही होती. दोघींनी आपापल्या नर्सरीची वेबसाइट स्वतः केली होती. इथपर्यंत ठीक. पण मोबाईलवर 'निमगाव केतकी डाळिंब रोपं' असं टाकलं की पहिलं नाव कुणाचं यावं? 'विजयमाला नर्सरी, वरकुटे'! निमगाव केतकी लिहूनसुद्धा वरकुटे! आणि निमगाव केतकीतच असलेली तेजश्रीच्या घरची 'धोंडीबा रोपवाटिका' तिसऱ्या पानावर, एका पंक्चर काढणाऱ्याच्या खाली!

खरं सांगायचं तर तेजश्रीला जळत होतं. सकाळी उठल्यावर ती दात घासायच्या आधी मोबाईल बघायची. विजयमाला पहिली. शाळेतून आल्यावर बघायची. विजयमाला पहिली. वाचकहो, हसू नका. शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरकडे आपण कसे बघतो, ते जरा आठवा.

शिबिराला शिकवायला आलेले अविराज सर बारामतीतच लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं काम करत. ते हसले नाहीत. म्हणाले, "खाली कसं ओढायचं ते मी शिकवत नाही, ताई. वर कसं जायचं ते सांगतो. समजा तुझा दात दुखतोय. तू चार जणांना विचारतेस, इंदापुरात चांगला डॉक्टर कोण? तिघांनी एकच नाव घेतलं, तर तू कुठं जाशील?"

"त्या तिघांच्या डॉक्टरकडं."

"मग झालं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर तुझ्या वेबसाइटची लिंक असणं म्हणजे त्यानं तुझं नाव घेणं. जितक्या जागी तुझी लिंक, तितकी तू वर. आणि शाळा, कॉलेज अशा भरवशाच्या जागेनं घेतलेलं एक नाव शंभर फालतू जागांपेक्षा भारी. पण..."

'पण'च्या पुढे सर चांगली दोन मिनिटं बोलले. पण तेजश्रीने काही ऐकलं नाही. तिने वहीत 'लिंक, लिंक, लिंक' असं तीनदा लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या आणि ती सुकन्याला खूण करत होती. शेवटी सर्वांत चांगल्या वेबसाइटचं बक्षीस राजनंदिनीला मिळालं, तेव्हा तर तिने टाळ्याही तीनच वाजवल्या.

परतीच्या एसटीत, लासुर्णे येईपर्यंत योजना तयार! दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत, जिथे वायफाय फुकट होतं, तेजश्री आणि तिची गँग कामाला लागली. जिथे म्हणून चार शब्द लिहायची सोय आहे तिथे आपली लिंक चिकटवायची. डाळिंबाच्या कोशिंबिरीच्या पाककृतीखाली : "छान रेसिपी! रोपांसाठी इथे क्लिक करा." क्रिकेटच्या बातमीखाली : "काय सिक्सर! रोपांसाठी इथे क्लिक करा." केस गळण्यावरच्या लेखाखालीसुद्धा! सुकन्या तर एवढी पेटली की कुणाच्या तरी आजोबांच्या श्रद्धांजलीखाली तिने लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. दर्जेदार रोपांसाठी इथे क्लिक करा."

"अगं बये, हे काय लिहिलंस?"

"लिंक म्हणजे लिंक! सर म्हणाले ना, जितक्या जागी तितकं वर?"

तीन आठवडे गेले. धोंडीबा रोपवाटिका तिसऱ्या पानावरून कुठे गेली? तिसऱ्याच पानावर! पंक्चरवाला मात्र दुसऱ्या पानावर गेला.

आणि त्याच आठवड्यात मॅडमनी तेजश्रीला बोलावलं. "आपल्या वेबसाइटवर 'विद्यार्थ्यांची भरारी' असं पान आहे ना, त्यात राजनंदिनीच्या बक्षिसाची बातमी टाक. तिच्या नर्सरीची लिंकही दे. तेवढंच तिच्या आईला बरं वाटेल."

वाचकहो, तुम्हीच सांगा! जिच्यामुळे झोप उडाली, तिचंच कौतुक स्वतःच्या हाताने लिहायचं? तेजश्रीने फोटो चढवला. बातमी लिहिली. 'विजयमाला नर्सरी, वरकुटे' ही अक्षरं टाकली. आता त्या अक्षरांमागे वेबसाइटचा पत्ता भरायचा होता. भरवशाच्या जागेनं घेतलेलं एक नाव शंभर फालतू जागांपेक्षा भारी... आणि भरवशाची जागा तर तिच्या हातातच होती! कंपासपेटीतला कागद, आणि ती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

तिने पत्ता भरला तो धोंडीबा रोपवाटिकेचा.

वरून नाव राजनंदिनीचं, दाबलं की उघडणार तेजश्रीचं. कुणाला कळतंय? घरी येऊन तिने आपल्या वेबसाइटवर एक ओळही वाढवली, राजनंदिनीच्या पानावरून उचललेली : 'टिश्यू कल्चरची, शंभर टक्के तेल्यामुक्त रोपं.' आणि तिच्याभोवती चमकणारे तारे लावले.

चार दिवस ती हवेत होती. वेबसाइट किती जणांनी बघितली तो आकडा रोज वाढत होता!

मग रविवार आला.

तेजश्रीचे आईबाबा नात्यातल्या साखरपुड्याला इंदापूरला गेले होते. तिचे आजोबा, धोंडीबा आबा, विहिरीकडे ठिबकची नळी जोडत होते. नर्सरीवर ती आणि कामाला असलेले म्हस्कूमामा एवढेच. अकराच्या सुमाराला एक पिकअप दारात थांबली. धोतर, पांढरी टोपी, पन्नाशी उलटलेला माणूस खाली उतरला.

"राम राम. धोंडीबा रोपवाटिका हीच का?"

"हीच काका. या, बसा. पाणी आणू?"

"पाणी पिऊ मागनं. मी कुंडलिक. करमाळ्याच्या पल्याडनं आलोय. तेवढी टिश्यू कल्चरची रोपं दाव आधी. तेल्याची भानगड नसलेली."

डाळिंब लावणाऱ्यांना तेल्या काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. पानावर, फळावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, फळ तडकतं आणि बघता बघता अख्खी बाग हातची जाते. रोगट झाडापासून केलेल्या रोपातूनही तो नव्या रानात शिरतो.

कुंडलिक काका रोपांच्या ओळींमधून हळूहळू चालत होते. एकेका पानाला बोट लावत होते. "सहाशे झाडं हुती माझी," ते म्हणाले. "पोटच्या पोरावानी वाढवलेली. तेल्या आला आन् सगळी मुळापासनं उपटली, ह्या हातानं. बांधावर ढीग घालून जाळली. आमची मालकीण दोन दिस त्या बाजूला फिरकली न्हाय. दोन वर्सं रान मोकळं ठिवलं. आता ह्यो एकदाच. परत उपटायची ताकद न्हाय आपल्यात." ते थांबले. सरळ तिच्याकडे बघत म्हणाले, "ही तेल्यामुक्तच हायत ना, पोरी?"

तेजश्रीला ठाऊक होतं. ही आबांनी स्वतःच्या झाडांवर बांधलेली गुटी कलमं होती. टिश्यू कल्चरचं, प्रयोगशाळेतून आलेलं एकही रोप त्यांच्याकडे नव्हतं. कधीच नव्हतं.

तिच्या तोंडून 'हो' निघेना. 'नाही' म्हणवेना. ती म्हणाली, "वेबसाइटवर लिहिलंय ना, काका."

"व्हय, ती वाचूनच आलोय की." त्यांचा चेहरा मोकळा झाला. "चारशे भरा."

म्हस्कूमामा घुटमळले. "आबास्नी येऊ दे की, तेजू."

"आबांना काय विचारायचंय, मामा? भरा तुम्ही!"

रोपं गाडीत चढू लागली. तेजश्री एकेक क्रेट मोजत होती. पण तोंड उघडत नव्हतं. ज्या तोंडाने सात शाळांसमोर माईकवर प्रश्न विचारला, ते तोंड!

निम्मी गाडी भरली असेल, तेवढ्यात खांद्यावर नळीचं वेटोळं घेऊन, चिखलाच्या पायांनी आबा आले.

"जय भीम, पावणं. बाग बघून आलासा?"

हा आबांचा नेम होता. गेली वीस वर्षं, गिऱ्हाइकाने आधी आपल्या रोपांची बाग बघितल्याशिवाय त्यांनी कुणालाही रोप दिलं नव्हतं. नर्सरीच्या शेडला एक पत्रा होता, त्यावर निळ्या रंगाने शेतकऱ्यांची नावं आणि गावं लिहिलेली. ज्यांनी इथून रोपं नेली, त्यांची. नवं गिऱ्हाईक आलं की आबा म्हणत, "ह्यातली कुठली बी दोन नावं निवडा. तितं जावा, बाग बघा, मालकाला इचारा. मग या." पत्र्याच्या तळाला एक नाव असंही होतं : 'भीमा, शेळगाव. रोपं गेली. निचरा नव्हता. मी आधी रान बघितलं नव्हतं.' तेजश्री लहान असल्यापासून त्या ओळीची तिला लाज वाटायची. आपलीच चूक कुणी दारावर रंगवून ठेवतं का?

"बाग कशाला बघू?" कुंडलिक काका म्हणाले. "मी तर शाळंच्या वेबसाइटवरनं आलोय. पुतण्यानं दावलं मोबाईलवर. बक्षीस मिळालेल्या पोरीची बातमी, खाली नाव हुतं विजयमाला नर्सरी. त्यावर दाबलं तर तुमची उघडली. म्हणलं, मालक एकच आसंल. शाळा काय खोटं सांगती व्हय?"

आबांनी नळी खाली ठेवली. गाडीतल्या रोपांकडे बघितलं. "ही गुटी कलमं हायत, कुंडलिकराव. टिश्यू कल्चर आमच्याकडं न्हाय. आन् तेल्याची हमी मी माझ्या बापालाबी दिली नसती."

"न्हाय? आन् मग त्यात शंभर टक्के म्हणून लिवलंय ते?" काकांचा आवाज चढला. त्यांनी खिशातून मोबाईल काढून आबांपुढे धरला. "ह्ये बघा! चांदण्या लावून लिवलंय! आमी काय चेष्टा करायला गावलो का? उद्या त्या शाळंलाच फोन लावतो. आख्ख्या करमाळ्यात सांगतो, असली शाळा आन् असली तिची बक्षिसं!"

अजूनही सुटता आलं असतं. 'कम्प्युटरची चूक झाली असेल' एवढंच म्हणायचं. वाक्य जिभेवर तयार होतं. शाळेला बोल लागला असता, राजनंदिनीच्या बक्षिसाला लागला असता. चार दिवसांपूर्वी तर तिला तेच हवं होतं, नाही का? पण काकांनी मोबाईल अजून तसाच पुढे धरला होता, आणि तिला बांधावर जळणाऱ्या सहाशे झाडांचा ढीग दिसला. त्यात आणखी चारशे.

"शाळेनं काही नाही केलं!" ती ओरडलीच. "आबा, मी केलं! लिंक मी बदलली! नाव तिचं ठेवलं आणि पत्ता आपला टाकला. ते शंभर टक्केपण मीच लिहिलं. तिचं बघून लिहिलं. ती पहिली येते म्हणून!"

म्हस्कूमामांनी हातातला क्रेट हळूच खाली ठेवला.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उतरवा सगळी." आणि स्वतः क्रेट उतरवू लागले. तेजश्रीही उतरवू लागली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते.

शेवटचा क्रेट जागेवर गेल्यावर आबांनी तिला पत्र्यासमोर उभं केलं.

"ही नावं कुणाची?"

"शेतकऱ्यांची."

"व्हय ना? मग मला सांग, ह्यातलं एकबी नाव मी न इचारता लिवलंय का? बाग फुलली म्हंजी मी त्याच्या बांधावर जातो. म्हणतो, बाबा, तुझं नाव लिवू का? उद्या कुणी ईल तुझ्याकडं, तुझा येळ खाईल, चालंल का? त्यो व्हय म्हणला, तरच ब्रश उचलायचा. नाव त्याचं हाय, तेजू. त्यानं ते आपल्याला वापराया दिलंय. तू शाळंचं नाव न इचारता घेतलंस. त्या पोरीचं घेतलंस. आन् ह्या माणसाचा भरवसा घेतलास. कशापायी? तर मोबाईलमधी वरच्या ओळीत बसाया!"

"पण आबा, तिच्या नावाला सगळीकडनं लिंक आहेत! आपल्याला खरी एकपण नाही!"

"आगं, ह्या पत्र्यावर बावन्न नावं हायत की!" आबा म्हणाले. "तुझ्या त्या वेबसाइटवर ह्यातली किती हायत?"

एकही नव्हतं. तेजश्रीने वेबसाइटवर स्वतःचा फोटो मोठा लावला होता. फिरणारे तारे लावले होते. पत्रा तिला जुनाट वाटला होता.

"बस गाडीत," आबा म्हणाले. "कुंडलिकराव, आमाला वरकुट्याला घिऊन चला. तुमाला पायजे ती रोपं तितं हायत."

वरकुट्याला विजयमाला काकू शेडनेटमध्ये पाणी देत होत्या. राजनंदिनी पाइप धरून उभी होती. तेजश्रीला बघून तिने आधी जमिनीकडेच बघितलं. आणि या वेळी तेजश्रीनेही जमिनीकडेच बघत सगळं सांगितलं. सात शाळांसमोर बोलणं याच्यापुढे काहीच नव्हतं!

राजनंदिनीने पाइपचं तोंड बाजूला वळवलं. मग म्हणाली, "माझ्या बातमीत?"

"हो."

"मी ती लिंक आजीला दाखवली होती. दाबून नाही बघितली. नाव बघूनच खूश झालो आम्ही."

तेजश्री चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली.

"तुला एवढ्या लिंक देतं तरी कोण?" तिने शेवटी विचारलं.

"मी कुणाला मागत नाही. मला मागायला जमतच नाही." राजनंदिनीने पाइप खाली ठेवला. "रोपं लावून वर्ष झालं की आईबरोबर त्या बागेत जाते. फोटो काढते, काय झालं ते लिहिते. जिथं रोपं मेली तिथलंपण लिहिते, का मेली ते. मग कुणाला तीच अडचण आली की लोक आपापल्या ग्रुपवर, चॅनेलवर आमचं पान देतात. दोन वर्षं झाली हे करतेय." मग तिने मोबाईल पुढे केला. "आणि आमचं पान कधी खालपर्यंत बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. वरचं नाव बघूनच तेजश्रीचं डोकं फिरायचं, खाली कोण जातंय? आता तिने बोटाने पान सरकवलं. अगदी तळाला लिहिलं होतं : 'सीताफळ आणि लिंबाची रोपं आमच्याकडे नाहीत. चांगली हवी असतील तर धोंडीबा रोपवाटिका, निमगाव केतकी.' आणि त्या नावामागे पत्ता खरा होता.

जगातली एकुलती एक खरी लिंक! आणि ती दिली होती राजनंदिनीने!

"माझ्याकडं बघू नकोस," राजनंदिनी पटकन म्हणाली. "आईनं लावायला लावली. लांबनं आलेला माणूस मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून. मला नव्हती लावायची. तू परिपाठाला बोलायला लागलीस की मला कसलं जळतं, माहितीय का!"

"तुला? माझं?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग काय झालं कोण जाणे, दोघींनाही हसू फुटलं. रडू आणि हसू दोन्ही एकदमच.

विजयमाला काकूंनी कुंडलिक काकांना बसवून चहा दिला, पण रोपं लगेच दिली नाहीत. "आधी दोन बागा बघा, दादा. मग भरू," त्या म्हणाल्या. आबा नुसते गालात हसले. गाडीत चढताना कुंडलिक काका तेजश्रीजवळ थांबले. "नाव काय म्हणालीस तुझं?"

"तेजश्री."

"ध्येनात ठिवतो. कसं ठिवायचं, ते तू ठरव."

वाचकहो, आता तुम्हाला आणि मला एक विचारते. औषध असो, बियाणं असो, क्लास असो, आपण मोबाईल उघडतो आणि सगळ्यात वर जे दिसेल त्यावर बोट ठेवतो. ते वर का आलं, हे कोण विचारतं? आणि आपण स्वतः न वापरलेल्या गोष्टीची लिंक न वाचता पुढे पाठवतो, तेव्हा आपलं नाव कुणाच्या पदरात टाकतोय, याचा विचार कोण करतं? लिंक म्हणजे आपण कुणासाठी तरी दिलेला शब्द आहे. तो चोरता येतो, पण कमवायचा असेल तर कुणाच्या तरी बांधावर जावंच लागतं. अविराज सरांच्या 'पण'च्या पुढे बहुधा हेच असणार. तेजश्रीने ते ऐकलं नाही. निदान आपण तरी ऐकूया.

दिवस मावळताना आईबाबा इंदापूरच्या एसटीतून उतरले. तिचे बाबा, रविंद्र, तहसील कचेरीत नोकरीला. आबांनी सगळं सांगितलं. आई मेघना पिशवी तशीच हातात धरून ओट्यावर बसली. बाबांनी पहिला प्रश्न केला, "लिंक दुरुस्त केलीस?"

"केली. आपल्या वेबसाइटवरचं शंभर टक्केपण काढलं. आणि जिथं जिथं आम्ही रोपांची लिंक चिकटवलीय ती पुसायला सुकन्या अभ्यासिकेत बसलीय. श्रद्धांजलीवाली सगळ्यात आधी पुसली."

"मग संपला विषय. शाळेत कुणाला काही बोलू नकोस."

"रविंद्र," आबा म्हणाले.

"आबा, तुमी थांबा. तुमाला कचेरीत बसावं लागत न्हाय." बाबांचा आवाज खाली आला. "तेजू, आपल्याला नावं ठेवायला लोक टपलेले असतात, बाळा. दुसऱ्याच्या पोराकडनं चूक झाली तर पोर चुकलं म्हणतात. आपल्याकडनं झाली, तर आख्ख्या वस्तीचं नाव घेतात. एवढ्या मेहनतीनं तू पुढं आलीस. पासवर्ड काढून घेतील तुझ्याकडनं. परत कधी माईक देणार नाहीत."

हे खोटं नव्हतं. आईने तेजश्रीकडे बघितलं. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

तेजश्रीने कंपासपेटी उघडली, पासवर्डचा कागद काढला आणि घडी सरळ केली. मग ती बोलायला लागली.

"बाबा, भीमाकाकांच्या रानात रोपं मेली ते आबांनी दारावर लिहिलं. वीस वर्षं झाली. त्यावरून कुणी आपल्याला नावं ठेवली का? उलट लोक ती ओळ वाचतात आणि मग वरची नावं खरी मानतात! मी ठरवलंय. उद्या परिपाठाला मी स्वतः हात वर करणार, आणि काय केलं ते सगळ्यांसमोर, राजनंदिनीसमोर सांगणार. हा कागद मॅडमना परत देणार. त्यांना परत द्यावासा वाटला तर देतील, नाही तर नाही. मग सुट्टी लागली की आबांबरोबर पत्र्यावरच्या बावन्नच्या बावन्न बागांत जाणार, विचारून फोटो काढणार, आणि भीमाकाकांचं नाव सगळ्यात आधी लिहिणार. आणि आई, टिश्यू कल्चरची डाळिंबाची रोपं आपल्याकडं नाहीत, हे मी आपल्या वेबसाइटवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिणार. त्याच्याखाली आयुष्यातली पहिली खरी लिंक देणार. विजयमाला नर्सरी, वरकुटे. दाबून बघा हवं तर, तिथंच उघडेल!"